रुखमाबाईचं दोब्रो युत्रो

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या. संग्रामपूर तालुक्यातल्या एका साध्या बाईची गोष्ट आहे, वेळ फार घेणार नाही. पण गोष्ट खरी माणसाची आहे, म्हणून मन लावून ऐका.

"दोब्रो युत्रो," अंगणवाडीतल्या खिचडीत पळी फिरवत रुखमाबाई म्हणाली.

हजेरी भरत बसलेल्या श्रद्धाताईने मान वर केली. "मावशी, ते सकाळचं झालं. आता बारा वाजले. दोबार दान म्हणा."

"आपल्या इथं बारा वाजले. म्हातारीच्या इथं साडेआठच होऊन राह्यले. गोकुळनं सांगतलं मले. मी रविवारी फोन करीन तवा तिची सकाळच राहीन."

श्रद्धाताई सेविका, पदवीधर. रुखमाबाई मदतनीस, बावीस वर्षांपासून खिचडी, झाडलोट आणि पोरांची नाकं. पण या बाबतीत श्रद्धाताईने हार मानली आणि हजेरीत डोकं घातलं.

गोकुळ हा रुखमाबाईचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला. प्लास्टरचं काम शिकला आणि दोन वर्षांपूर्वी क्रोएशियात रिएका नावाच्या गावी कामाला गेला. फेब्रुवारीत शिडीवरून घसरला, पाय मोडला. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सहा आठवडे पडून होता. तळमजल्यावर मांदा नावाची एकोणऐंशी वर्षांची म्हातारी राहायची. नात्याची ना गोत्याची. पण रोज दुपारी कठडा धरून, दर जिन्याला थांबत ती वर यायची आणि त्याला गरम सूप पाजून जायची. गोकुळने हे सगळं आईला सांगितलं ते पायाचं प्लास्टर निघाल्यावर.

रुखमाबाई रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "त्या बाईशी मले बोलू दे."

"तू आपली मराठीत बोल माय, मी तिले समजून सांगतो."

"उद्या तुह्यं लग्न निघालं त आवतन मी दुसऱ्याच्या तोंडून धाडीन काय? ती तीन जिने चढली, मले चार शबूद चढवत नाहीत काय?"

तेव्हापासून मांदाची भाषा शिकणं सुरू झालं. श्रद्धाताई मोबाइलवर ऐकायची आणि सांगायची. रुखमाबाईला वाचता जेमतेम येई, पण कान तयार होता. उभ्या जन्मात तिने एक कीर्तन चुकवलं नव्हतं. शेकडो अभंग तिला पाठ होते आणि त्यातला एकही तिने पुस्तकातून घेतला नव्हता. तसंच हेही तिने चालीवर घेतलं. परातीवर बोटांनी ठेका धरायचा आणि म्हणायचं: दोब्रो युत्रो, काको स्ते? म्हणजे रामराम, कशा आहात? या साम गोकुलोवा मायका. मी गोकुळची आई. हे तर तिला पहिल्याच दिवशी आलं.

"माय तिथंबी मायच हाय व ताई," ती म्हणाली.

आभाराचा शब्द तेवढा अवघड गेला. ह्वाला. 'ह' आणि 'व' एका श्वासात निघेनात. "आपल्यात घरच्या माणसाले कोणी आभार म्हणते काय, म्हणून जीभ वळत नाही," असं तिचं म्हणणं.

शेजारच्या झुंबरबाईने एकदा ओट्यावरून टोमणा मारला, "काऊन व रुखमा, आता आमच्याशी बोलशीन का नाही?" अंगणवाडीतली पोरंही शिकली. तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिकेला वीस पोरांनी एका सुरात दोब्रो युत्रो घातलं. बाईंनी विचारलं, "हे बडबडगीत नवीन आलं का?" श्रद्धाताई हो म्हणाली.

एका रविवारी गोकुळनेच फोन केला. "माय, म्हातारी खाली दारातच बसेल हाय. लावू काय?"

रुखमाबाईने मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. "नको रे. ह्वाला अजून अडखळते. तिच्यासमोर फजिती नको. येत्या रविवारी पक्कं."

पुढचा रविवार आला. रुखमाबाईने कीर्तनाला नेसायचं हिरवं लुगडं काढलं. श्रद्धाताई घरी आली, मोबाइल पाटावर तांब्याला टेकवून ठेवला. बारा वाजता गोकुळ पडद्यावर दिसला.

"माय," तो म्हणाला, "मांदाबाई गेली. गुरुवारी, झोपेतच. काल माती झाली."

रुखमाबाई पाटाजवळ सरकली.

"तिची पोरगी आली हाय. मी त्यांच्याच सैपाकघरात उभा हाव. तिले सांग तुले काय सांगायचं ते. तिले आईनं सांगेल हाय तुह्याबद्दल, की गोकुळची माय आपली भाषा शिकून राह्यली."

"म्हणा मावशी," श्रद्धाताई हळू आवाजात म्हणाली. "दोब्रो युत्रोपासून करा सुरू."

"दुखाच्या घरी रामराम घालतात काय, ताई?"

श्रद्धाताईच्या ध्यानात आलं. खरंच होतं. आपल्याकडे अशा घरी जाताना कोणी नमस्कार करत नाही, बरे आहात का विचारत नाही, निघताना येतो म्हणत नाही. महिनाभर शिकलेलं सगळं त्या दारात चालणारं नव्हतं.

रुखमाबाईने डोक्यावरून पदर घेतला. "फोन तिच्यासमोर ठेव, गोकुळ."

पडद्यावर टेबल आलं, मागे काळ्या स्वेटरमधली एक बाई. रुखमाबाईच्याच वयाची असेल. नाक लाल झालेलं. तिने गोकुळकडे बघून काहीतरी विचारलं.

"माय, ती इचारते, काय म्हनायचं हाय?"

"काही नाही म्हन. बसाले आली हाव."

गोकुळने ते कसंबसं सांगितलं. त्या बाईने खुर्ची ओढली आणि फोनसमोर बसली.

दोघी बसल्या. इकडे पत्रा तापला होता, तिकडे खिडकीत ऊन नुकतं येत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एकदा तिकडची बाई रडली, इकडे रुखमाबाईने पदर तोंडाला लावला. मग ती बाई उठली, कॉफीचे दोन कप घेऊन आली. एक आपल्यासमोर ठेवला. दुसरा फोनसमोर ठेवला, कपाचा कान रुखमाबाईकडे करून.

पंधराएक मिनिटांनी रुखमाबाई उठली. येते म्हणाली नाही. श्रद्धाताईने फोन बंद केला.

एवढीच गोष्ट. आता कधी कीर्तनाला बसाल आणि बुवा गेलेल्या माणसांसाठी नाम घ्यायला सांगतील, तेव्हा आपल्या घरच्यांच्या पाठोपाठ रिएका गावच्या मांदाबाईचीही आठवण करा. दर जिन्याला थांबत वर जायची ती.