रबराखालचे तीन ठिपके

गाडी ओली होती, म्हणून श्रीपतने तिला हातच लावला नाही. "वाळू द्या आपोआप," एवढं सांगून तो बंगल्याच्या पायरीवर बसून राहिला. विकायच्या गाडीला ऐन वेळी आंघोळ घालणारे लोक त्याने उभ्या जन्मात खूप पाहिले होते. ओल्या पत्र्यावर सगळंच गुळगुळीत दिसतं.

गाडी मात्र देखणी होती. लाल, बुटकी, दोनच दरवाज्यांची, आत बसायचं तर माणसाने आधी कमरेची परवानगी काढावी अशी. नेरळच्या योगेंद्रला ती हवी होती. तो जागांची दलाली करायचा, आणि असली गाडी दारात उभी करायची हे त्याचं कॉलेजपासूनचं खूळ होतं. घरच्यांनी कपाळाला हात लावला तरी ते उतरलं नव्हतं. सकाळी तोच साजगावला जाऊन श्रीपतला घेऊन आला होता. बंगला कर्जतच्या बाहेर, मालक ऋषिकेशराव शनिवार-रविवारचे पाहुणे. "एक ओरखडा नाही, सगळं कंपनीचं आहे," असं त्यांचं दोनदा सांगून झालं होतं.

श्रीपत डेंटर, गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. चाळीस वर्षं खोपोलीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं, आणि एक्स्प्रेसवेने त्याला कधी कामाविना बसू दिलं नाही. आता शटर बंद. सहा वर्षांपूर्वी मुलगा मिलिंद घर सोडून गेला, दोन वर्षांपूर्वी बायको चंद्रभागा गेली, आणि घरात बोलायला टीव्ही तेवढा उरला. जुनी गाडी घेणारे लोक अजून त्याला न्यायला यायचे. तोही लगेच चपला घालायचा. कुणीतरी काका म्हणून हाक मारावी, जाता-येता गाडीत चार गप्पा व्हाव्यात, एवढ्यासाठी तो जायचा. पण हे त्याने कुणापाशी कबूल केलं नसतं.

गाडी वाळली. श्रीपतने खिशातलं चुंबक काढून पत्र्यावरून फिरवलं. पुट्टी भरून रंगवलेल्या जागी चुंबक नीट धरत नाही. इथे सगळीकडे धरलं. योगेंद्रचा चेहरा खुलला.

"थांब रं जरा," श्रीपत म्हणाला.

त्याने जुन्या लुगड्याचं मऊ फडकं पत्र्यावर अंथरलं, त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. उघड्या हाताला जे लागत नाही ते फडक्याआडून लागतं. पुढून मागे सरकत हात डाव्या बाजूच्या मागच्या चाकावरच्या पत्र्यावर आला आणि थबकला. त्याने पुन्हा फिरवला. केसाएवढी लहर होती. म्हणजे इथला पत्रा चेपला होता आणि कुणीतरी तो पुट्टी न भरता, नुसता ठोकून ठोकून सरळ केला होता. इतकं कष्टाचं काम करणारे श्रीपतला दोघेच माहीत होते. त्यातला एक तो स्वतः.

दुसऱ्याला त्यानेच शिकवलं होतं.

त्याच्या गॅरेजात एक रीत होती. पत्रा दुरुस्त केला की दरवाज्याच्या चौकटीवरचं रबर उचलायचं आणि आतल्या काठावर पंचाने, म्हणजे टोकदार लोखंडी खिळ्याने, तीन ठिपके मारायचे. पुढे गाडी दुसऱ्या कारागिराच्या हाती गेली तर त्याला कळावं, की इथे आधी हातोडा पडलाय, पत्रा पातळ आहे, जपून ठोक. गिऱ्हाईक कुणाला काय सांगेल ते त्याचं तो जाणे, आपण लपवायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी मिलिंदने दुरुस्त केलेली एक गाडी विकायला म्हणून गॅरेजात आली. मालक घेणाऱ्याला छातीठोक सांगत होता, गाडीला काही झालेलं नाही. मिलिंद शेजारी उभा राहून गप्प होता. श्रीपतने हात फिरवला, दुरुस्ती पकडली आणि चार लोकांत पोरावर तुटून पडला. "माझ्या गॅरेजात लपवाछपवी करतोस?" मिलिंद एवढंच म्हणाला, "बाबा, रबर उचला." श्रीपतने उचललं नाही. रागाच्या भरात, लोकांच्या देखत, पोराचं ऐकायचं त्याच्या जिवावर आलं. त्याच रात्री मिलिंद गेला, नंबरही बदलला. गाडीही कुठे गेली कळलं नाही. त्यानंतर श्रीपतने एकाही गाडीचं रबर उचललं नव्हतं. हाताला सगळं कळतं, कशाला उचलायचं, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे त्याला भीती वाटायची.

आज त्याने दरवाजा उघडला, चौकटीवरचं रबर नखाने सोडवलं आणि ओढलं. वाकायला त्रास झाला. योगेंद्र मोबाईलचा उजेड धरून उभा राहिला.

तीन ठिपके होते. दोन सरळ रेषेत आणि तिसरा जरासा बाहेर. मिलिंद डावखुरा, शिकत होता तेव्हापासून त्याचा तिसरा ठिपका असाच सरकायचा. श्रीपत त्यावरून त्याला किती बोलला होता.

ही गाडी श्रीपतच्या गॅरेजात कधी आलीच नव्हती. म्हणजे पोरगं परक्या गावात, बापाच्या माघारी, बापाचीच रीत पाळत होतं. मग त्या दिवशीही पाळलीच असणार. श्रीपतने ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"काय झालं काका?"

"मागचा पत्रा ठोकलेला हाय," श्रीपत म्हणाला. "काम एक नंबर हाय. घ्यायची तर घे, पन ठोकलेली म्हनून घे." मग तो ऋषिकेशरावांकडे वळला. "ह्ये काम कुठं केलंत, सायेब?"

ऋषिकेशराव आधी काही केलेलंच नाही म्हणाले, मग सुटलेल्या रबराकडे बघून ओशाळले. "साताऱ्याकडे. एक डावखुरा माणूस आहे. विकताना सांगा, असं त्याने मला बजावलं होतं. मीच नाही सांगितलं."

"त्याचा नंबर हाय?"

नंबर होता. योगेंद्र आणि ऋषिकेशराव किमतीची घासाघीस करायला ओटीवर गेले. श्रीपत गाडीला टेकून उभा राहिला आणि मोठ्या बटणांच्या फोनवर एकेक आकडा दाबू लागला. दोनदा चुकला.

"हॅलो, कोण?" मागे पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. आवाज पोराचाच होता, पण जाड झालेला.

"मिलिंदा, मी बाबा. रबर उचललं रं मी."

ठोकणं थांबलं. हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उशीर केलात," मिलिंद म्हणाला. "लई उशीर केलात, बाबा. मी दर दिवाळीला म्हनायचो, आता फोन करू, मग करू. जाऊ द्या. आई कुठं हाय? तिला द्या आदी फोन."

श्रीपतने सुटलेलं रबर एका हाताने काठावर ठेवलं, पण ते बसेना. ओटीवरून योगेंद्र हसत त्याला खूण करत होता, सौदा जमला म्हणून.

"मिलिंदा," तो म्हणाला, "उभा हायस का? जरा खाली बस रं."