नोंदी घेण्यात आल्या

सव्वीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं. मग घशाचं ऑपरेशन झालं, मोठ्याने बोलायची बंदी आली आणि शाळा सोडावी लागली. गप्प बसून करण्यासारखं काम म्हणून एका विज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात लेखांची भाषा तपासायला जाऊ लागले. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, आणि याबद्दल तिथे कुणाचा गैरसमजही नाही. वाक्यात कर्ता कुठे आहे, क्रियापद कुठे आहे आणि सहा ओळींनंतर तरी त्या दोघांची गाठ पडते का, एवढंच मी पाहते. तिथली मंडळी पाठीमागे मला ‘पूर्णविराम’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

पहिल्या दोन महिन्यांतच मला लेखांच्या जाती कळल्या. स्वतः काही शोधून काढलं तर तो शोधनिबंध. शोध दोन पानांत मावणारा असेल तर लघुटिपण. बाकीच्यांनी काय काय शोधलं ते एका जागी मांडलं तर आढावा. एकाच रोग्याची हकीकत सांगितली तर रुग्णवृत्तांत. आणि दुसऱ्याचं वाचून डोकं फिरलं तर संपादकांना पत्र. मग मला नातेवाईकही तसेच दिसायला लागले. आमची मामी म्हणजे आढावा. स्वतःचं काही सांगणार नाही, पण अख्ख्या खानदानाची माहिती संदर्भांसकट. मावसभाऊ रुग्णवृत्तांत, कारण स्वतःच्या गुडघ्यापलीकडे तो बोलतच नाही. मी कोण, हे सांगायलाच नको.

ताईला मात्र कुठल्याच प्रकारात बसवता येईना. ताई माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत ती तीस वर्षं सहायक आहे, आणि तिच्यामुळेच मला हे काम मिळालं. गेली तीन वर्षं तिच्याकडे गोगलगायी होत्या. काचेच्या चाळीस पेट्या, प्रत्येकीत एक. रोज सकाळी सात वाजता आदल्या दिवशीच्या पानाचा उरलेला तुकडा तोलायचा, नवं पान तोलून आत ठेवायचं आणि आकडे वहीत लिहायचे. सुट्टीच्या दिवशीही. गोगलगायींना रविवार कळत नाही, असं ती म्हणायची. दोन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती.

त्या गोगलगायींवरचा शोधनिबंध माझ्या टेबलावर आला. लिहिणारे प्राध्यापक आणि त्यांचे दोन सहकारी. हवा कोरडी झाली की गोगलगाय एकदम खाणं सोडते असं सगळे समजतात, पण तसं नाही, ती हळूहळू खाणं कमी करत नेते, असं त्यात सिद्ध केलं होतं. रचना अगदी शिस्तीची: सारांश, प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे, चर्चा, निष्कर्ष. मी ‘पद्धती’ वाचायला घेतल्या. पेट्या स्वच्छ करण्यात आल्या. पानांचे वजन करण्यात आले. नोंदी घेण्यात आल्या. तीन पानं भरून कामं, आणि करणारं माणूस एकही नाही. जणू भुताटकीच. शेवटी ‘आभार’ या मथळ्याखाली एक ओळ होती: सहायक कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.

आपल्या भाषेत ‘प्रयोग’ प्रयोगशाळेतही असतो आणि व्याकरणातही. व्याकरणातल्या कर्मणी प्रयोगात कर्त्याला गाळायची सोय आहे. ही सोय मीच जन्मभर मुलांना शिकवली होती, त्यामुळे राग कुणावर काढावा तेही कळेना. मी लाल पेन घेतलं आणि समासात चौदा ठिकाणी एकच शब्द लिहिला: ‘कोणी?’

प्राध्यापक दुसऱ्याच दिवशी आले. उंच माणूस, दारातून वाकून आत येतो आणि वाकलेलाच राहतो. त्यांनी मला शांतपणे समजावलं की वजन कुणीही केलं तरी तेवढंच भरणार, म्हणून विज्ञानात करणाऱ्याला महत्त्व देत नाहीत. मी म्हटलं, मग वर ही तीन नावं तरी कशाला ठेवलीत? ते वाकलेलेच निघून गेले. संध्याकाळी ते परत आले आणि माझं चुकलं म्हणाले, आणि विशेष म्हणजे त्यापुढे ‘पण’ लावला नाही. लेखकांत ताईचं नाव घालायचं ठरलं. त्यासाठी तिने एका पत्रकावर सही करायची होती: ‘या लेखातील प्रत्येक नोंदीची जबाबदारी मी घेत आहे.’

मी ते पत्रक नाचवतच घरी आणलं. ताईने ते वाचलं, घडी घातली आणि कपाटाच्या खणात ठेवलं. उद्या करते म्हणाली. उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. मी विषय काढला की तिला कुकर आठवायचा. शेवटी म्हणाली, कशाला हवंय नावबिव या वयात? मला वाटलं, हा तिचा नेहमीचा भिडस्तपणा. मी तिला दोन दिवस टोचून बोलले. तीस वर्षं खाली मान घालून राबलीस, आता तरी मान वर कर, असलं काहीबाही.

रविवारी छपाईआधीची मुद्रितं आली. ती तपासायची आमची एक रीत आहे. मला मोठ्याने वाचता येत नाही, म्हणून मूळ प्रतीवरून ताई वाचते आणि छापील प्रतीवर मी नजर ठेवते. शेवटी परिशिष्टात रोजच्या आकड्यांचा लांबलचक तक्ता होता. ताई आकडा न् आकडा नीट थांबत वाचत होती. एका ठिकाणी मात्र तिचा वेग वाढला. मी छापील ओळींशी कसरत करत होते, तिचा एकही आकडा चुकत नव्हता. थांब जरा, म्हणायला मी मान वर केली.

“ताई, चष्मा कपाळावर आहे तुझा,” मी म्हटलं.

कागद तिच्या मांडीवर होता आणि ती खिडकीकडे बघत होती. चष्म्याशिवाय तिला ताटातलं मीठ दिसत नाही. अकरा दिवसांचे आकडे तिने तोंडपाठ म्हटले होते.

“मोजलेले आकडे लक्षात राहत नाहीत गं,” ती म्हणाली. “वहीत लिहिले की संपले. हे मी मोजलेले नाहीत.”

मग तिने सगळं सांगितलं. ते अकरा दिवस माझ्या ऑपरेशनचे होते. रजा घेतली आहे, असं तिने मला तेव्हा सांगितलं होतं. रजा घेतली नव्हती, कारण मोजणी एक दिवस जरी तुटली तरी सगळा प्रयोग पुन्हा सुरू करावा लागेल, असं तिला वाटत होतं. आणि वजन करायला दोन तास लागायचे, तेवढा वेळ मला सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. संध्याकाळी मला डोळा लागला की ती धावत जाऊन पेट्यांत पानं टाकून यायची. आकडे माझ्या खाटेशेजारी बसून लिहायची. मला आठवलं, तिच्या हातात वही असायची आणि मी समजायचे शब्दकोडं सोडवते आहे. हवा नुकतीच कोरडी केली होती, तेव्हा खाणं जरा जरा कमी होत जाईल, असा तिने आपला अंदाज केला. वर्षभरानंतर प्राध्यापकांनी त्या आकड्यांचा आलेख काढला आणि ते अत्यानंदाने तिलाच दाखवायला आले. तेव्हा तिचं तोंड उघडलं नाही. पुढे तर रोज जास्तच अवघड होत गेलं.

गोगलगाय आणि पोटात पाय, असं मी तिला एरवी म्हणाले असते. त्या दिवशी मला ते सुचलं नाही. आधी राग आला, मला का नाही सांगितलंस म्हणून. मग लाज वाटली. ‘कोणी?’ म्हणून चौदा वेळा मीच विचारलं होतं, आणि कर्मणी प्रयोगाखाली श्रेयाबरोबर आणखी काय झाकलेलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, सही करू नकोस, नावही नको, लेख आहे तसा जाऊ दे, कुणाला कळणार आहे? व्याकरणाची बाई असून मी हे म्हटलं. ताई म्हणाली, आता तुलाही कळलंय, आणि दोघींनी सांभाळण्याइतकं ते हलकं नाही.

सोमवारी सात वाजता आम्ही दोघी प्रयोगशाळेत गेलो. ताईने आधी चाळीसही पेट्यांचं वजन उरकलं, मग प्राध्यापकांना बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. ते ऐकताना स्टुलावर बसले. त्या दिवसांत खायला कोण घालत होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मग आलेखाचा कागद पुढे ओढून त्यांनी अकरा दिवसांवर तळहात ठेवला. हाताच्या एका बाजूला रेघ वर होती, दुसऱ्या बाजूला तळाशी.

“म्हणजे यातला ‘हळूहळू’...” ते म्हणाले.

“तो माझा आहे,” ताई म्हणाली.

ते उठून गेले. दोन दिवस त्यांच्याकडून काहीच निरोप नव्हता. ताईने प्रयोगशाळेच्या कपाटातल्या आपल्या वस्तू पिशवीत भरून ठेवल्या. निवृत्तीआधीच काढतील असं तिने धरलं होतं. जेवायला बसली की दोन घासांत उठायची.

बुधवारी प्राध्यापक माझ्या टेबलाशी आले, सोबत ताई. त्यांच्या हातात दोनच पानं होती. शोधनिबंधाचं लघुटिपण झालं होतं. गोगलगायी कोरड्या हवेत किती खातात, एवढंच त्यात उरलं होतं; त्या कशा थांबतात हे आपल्याला माहीत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. हे सगळं दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं तर बरं झालं असतं, असं ते ताईला म्हणाले, आणि तिने मान हलवली. पण लेखकांत तिचं नाव तिसरं होतं, तसंच ठेवलेलं. उरलेल्या हजारावर दिवसांच्या नोंदी कुणाच्या आहेत, असं त्यांनी मलाच उलट विचारलं.

‘मर्यादा’ या मथळ्याखाली त्यांनी जागा कोरी सोडली होती. ते तिचं तिनेच लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ताईने तिथेच बसून लिहिलं आणि भाषा बघायला कागद माझ्याकडे सरकवला: ‘अकरा दिवसांच्या नोंदी तिसऱ्या लेखिकेने घेतल्या नाहीत आणि त्या जागी अंदाजाने आकडे लिहिले. ते वगळले आहेत. कारण वैयक्तिक.’

कर्ता होता, क्रियापद होतं. शेवटचे दोन शब्द मी खोडले आणि वर लिहिलं: ‘त्या दिवसांत तिची धाकटी बहीण रुग्णालयात होती व लेखिका तिच्याजवळ होती.’

प्राध्यापकांनी वाकून वाचलं. अशा लेखात इतकं कारण देत नाहीत, असं ते हळूच म्हणाले. ही भाषेचीच दुरुस्ती आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचलं आणि राहू दे म्हणाले.

ताईने पत्रक पुढे घेतलं आणि पेन हातात धरून थांबली.

“तुझं नाव नाही घातलंस,” ती म्हणाली.

“बहीण लिहिलंय ना,” मी म्हटलं. “कर आता सही.”