भिंतीपलीकडचे बोलणे

हेडफोनमध्ये काहीही वाजत नसताना म्हाताऱ्याने आवाज आला की दाबायचे ते बटण दाबले आणि काचेतून, कान तपासणाऱ्या कानवाल्याकडे बघत परीक्षेत पास झाल्यासारखी मान हलवली.

कानवाल्याने काही दाखवले नाही. अशी माणसे नेहमीच येत. ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा अंदाजाने बटण दाबलेले बरे, असे त्यांना वाटे. लबाडी नसे त्यात. नापास व्हायची लाज असे. त्याने आणखी थोडा वेळ शांतता तशीच चालू ठेवली. म्हाताऱ्याने पुन्हा बटण दाबले.

"मी काही बहिरा नाही," केबिनचे जाड दार उघडताच म्हातारा म्हणाला. "आमची सूनच तोंडातल्या तोंडात बोलते."

"सासऱ्याचं वय वाढलं की सगळ्याच सुनांचा आवाज खाली जातो, आजोबा."

म्हातारा खो खो हसला. ते हसू ओसरते न ओसरते तोच प्लायच्या भिंतीपलीकडून दुसरे हसू आले. कानवाल्याच्या बायकोचे. मागच्या खोलीत बसून ती मशीन कानात नीट बसावे म्हणून गिऱ्हाइकांच्या कानाचे साचे कानसत असे. दुकान दोघांचे, पण आवाज त्याच्याकडे आणि आकार तिच्याकडे, अशी वाटणी होती.

आवाज हाच धंदा असल्यामुळे ते हसू त्याने लगेच ओळखले. खालच्या पट्टीतले, अर्धे घशातच राहिलेले. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते त्याच्या वाट्याला येत असे. पुढे मुलगी झाली, संसार वाढला आणि ते हसू कुठे गेले याची त्याने चौकशीही केली नव्हती.

म्हाताऱ्याला रस्त्यापर्यंत सोडून तो मागच्या खोलीत गेला. ती एकटीच होती. बोटांना पांढरी भुकटी लागलेली.

"कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी नाही. साचा चिकटून बसला होता."

"आणि म्हणून हसत होतीस?"

"चिकटला की हसूच येतं," ती म्हणाली आणि कानस उचलून कामाला लागली.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या वर्षी मुलगी सासरी गेली, तेव्हापासून बायको त्याच्या आधीच दुकानात उतरायला लागली होती. त्याला वाटले होते, घर खायला उठत असेल. पण घर खायला उठलेली माणसे अशी ताजीतवानी दिसत नाहीत. साच्यांचा माल आणून देणारा एक पुरवठादार होता. केस काळे करायचा, अत्तर लावायचा, आणि वहिनी वहिनी करत गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळायचा. कानवाल्याने दोन दिवस त्या माणसाचा मनातल्या मनात पुरता समाचार घेतला.

तिसऱ्या दिवशी त्याने जे केले, ते त्याच्या धंद्यातल्या माणसालाच सुचले असते. दुपारी दुकानाचे दार ओढून घेतले, गिऱ्हाइकांना ट्रायलसाठी देतात ते कानाचे मशीन कपाटातून काढले, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि स्वतःच्या कानात घालून भिंतीला पाठ लावून बसला.

पंखा विमानासारखा घोंगावू लागला. कानस दगडावर घासल्यासारखी खरखरली. मग ती थांबली.

"काल तू मला फार रडवलंस," बायको म्हणाली.

बराच वेळ काही नाही.

"हो, कळलं. पण ते मी त्यांना नाही सांगणार. तूच सांग, तुझं ऐकतील." पुन्हा शांतता. मग तेच हसू, मशीनमुळे थेट कानाच्या पडद्यावर सांडलेले. "तुझंही नाही ऐकत? मग माझी काय कथा!"

तू! घरात ती कानवाल्याला अहो म्हणे, चारचौघांत 'आमचे हे'. आई गेल्यापासून मुलीशिवाय 'तू' म्हणावे असे तिचे कोणी उरले नव्हते. कोण होता हा, ज्याला रडवायचाही हक्क होता आणि हसवायचाही? तो ताडकन उठला. उठताना त्याची नजर काउंटरवर गेली. बायकोचा फोन तिथे चार्जिंगला लावलेला होता. सकाळी त्यानेच लावला होता.

तरीही त्याने मागच्या खोलीचा पडदा बाजूला सारला.

आत कोणी नव्हते. ती स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, समोर कोणाचा तरी डावा कान. तो काय बोलावे ते जुळवत होता, तेवढ्यात त्याचा हात कानाशी गेला आणि मशीनने लांबलचक शीळ घातली.

तिने त्याच्या कानाकडे पाहिले.

"ट्रायलचं ना ते? साचा नीट बसला नाही की वाजतंच," ती म्हणाली. "किती वर ठेवलाय आवाज?"

"कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याला 'तू मला रडवलंस' म्हणत होतीस, तो."

ती आधी हसेल असे वाटले, पण हसली नाही. बोटांवरची भुकटी पदराला पुसत म्हणाली, "दर रविवारी चर्चमध्ये ज्याच्यापुढे तुम्ही उभे राहता, तोच."

कानवाला खाली बसला. आता सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पुरवठादार निर्दोष सुटला, अब्रू वाचली. पण छातीतला काटा हलला नाही, उलट आणखी आत गेला. माणूस असता तर गोष्ट वेगळी होती. त्याला जाब विचारता आला असता, चार माणसांना बोलावता आले असते. ज्याच्यापुढे हात जोडायचे, त्याची गचांडी कशी धरणार?

"म्हणजे तू प्रार्थना करत होतीस."

"तुम्ही म्हणाल तसं."

"ही प्रार्थना? ना स्तुती, ना आभार. शेजारणीशी गप्पा मारल्यासारखं?"

"मुलगी सासरी गेली त्या आठवड्यात मला शब्दच सुचेनात," ती म्हणाली. "तुमच्यासारखं छान बोलता मला कधीच येत नव्हतं, तेव्हा तर तेही आटलं. इथं बसले आणि म्हटलं, मला कंटाळा आलाय. एवढंच. तर वाटलं, ऐकलं कोणीतरी. दुसऱ्या दिवशी म्हटलं, मला रागही आलाय. मग रोजचंच झालं."

"आणि तो उत्तर देतो?"

"आवाज नाही येत."

"मग?"

तिने विचार केला. "तुम्ही पुढं बसलेले असता. भिंत मध्ये. बोलत नसता. तरी तुम्ही आहात की उठून गेलात, मला कळतंच ना? तुमचा मूडही कळतो. इतक्या वर्षांत एवढं तर होतंच."

त्याने कानातले मशीन काढून खिशात टाकले. आपल्याला जे सांगणार नाही म्हणाली ते काय, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. हेवा कोणाचा करावा हेच ठरेना. सकाळी वाटे, आपली बायको देवाने पळवली. दुपारी भिंतीपलीकडे ते हसू आले की वाटे, नाही, तिनेच देवाला पळवले. चर्चमध्ये पहिल्यापासून पुढच्या बाकावर बसणारा तो. लोक त्याला वकीलसाहेब म्हणत. मंडळीची बाजू देवापुढे मांडावी तर यानेच, असा लौकिक. आणि ही तिसऱ्या रांगेत बसणारी, गाणे म्हणताना ओठ हलवणारी. आपण दारातच उभे आणि देवाच्या घरात ही?

रविवारी उपासना संपत आली तेव्हा पाळकांनी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे बघून हात केला.

"वकीलसाहेब, चला."

तो उठला. त्या दिवशी त्याने जशी प्रार्थना केली तशी पूर्वी कधी केली नव्हती. आजाऱ्यांसाठी मागितले, पोरक्यांसाठी मागितले, आवाज जिथे कापायचा तिथे कापला, जिथे थांबायचे तिथे थांबला. मागे कोणी तरी हुंदका दिला. तेव्हा त्याच्या लक्षात आले की मिटल्या डोळ्यांनी आपण तोंड तिसऱ्या रांगेकडे केले आहे. वाक्य संपले की तिकडून काही येते का, याचा कानोसा घेतो आहे. आमेन म्हणताना त्याने डोळे उघडले. बाकाच्या कडेवर त्याचा अंगठा इतका घट्ट दाबलेला होता की नख पांढरे पडले होते.

बाहेर आल्यावर चार जणांनी हात हातात घेतला. दोघे घराकडे चालू लागले.

"कशी झाली?" अर्ध्या रस्त्यात त्याने विचारले.

"छान. सगळे रडले."

"तू?"

"माझं लक्ष नव्हतं."

"कुठं होतं?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याला एकदम वाटले, ती पिशवी हिसकावून रस्त्यावर फेकावी.

"मी एवढी वर्षं त्याच्याशी बोलतोय," तो म्हणाला. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. समोरून येणाऱ्या बाईने वळून पाहिले. "मला का नाही कधी काही?"

"तुम्ही थांबता कुठं? आमेन म्हटलं की फोन ठेवून देता." मग त्याचा चेहरा बघून ती हळू झाली. "आणि तुम्ही सगळ्यांचं सांगता हो. आजाऱ्यांचं, पोरक्यांचं. तुमचं काय?"

"माझं काय? माझं बरं चाललंय."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंथरुणाला खिळलेल्या एका गिऱ्हाइकाच्या कानाचे माप घ्यायला बाहेर गेली. दुकानात कोणी नव्हते. कानवाल्याने थोडा वेळ यंत्र पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. मग तो केबिनमध्ये शिरला आणि जाड दार आतून ओढून घेतले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर तो आजवर एकदाही बसला नव्हता. बसल्यावर हाताशी लोंबणारे बटण त्याने सवयीनेच मुठीत घेतले.

त्या खोलीत आवाज भिंतीत मुरतात. आपल्याच रक्ताची सळसळ तेवढी कानात राहते.

"हे स्वर्गीय पित्या," त्याने सुरुवात केली आणि दचकला. चर्चमध्ये घुमणारा, परतून येणारा आवाज इथे ओठांपाशीच गळून पडला. एखाद्या सामान्य, थोड्या घाबरलेल्या माणसाचा तो आवाज होता. त्याने घसा खाकरून पुढचे वाक्य म्हटले. तेही पडले. तिसरे त्याने अर्ध्यातच सोडले.

त्याला उठून जावे असे वाटत होते आणि उठवत नव्हते.

"मला तिचा हेवा वाटतो," तो शेवटी म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "तुझाही."

हे बोलताना आवाज कापला. जिथे कापायला नको होता तिथे कापला.

"मुलगी सासरी गेली तेव्हा मी रडलोसुद्धा नाही. लोकांसाठी प्रार्थना करत होतो. आणि खरं सांगू? तू ऐकतोस की नाही, मला आजवर कळलेलं नाही. मी अंदाजानं..."

अंगठा बटणावर होता. काही ऐकू आले का? आल्यासारखे वाटले का? तसे म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि संध्याकाळी बायकोला सांगायलाही काहीतरी झाले असते. त्याने अंगठा उचलला. बटण मांडीवर ठेवून दिले, दोन्ही हात मोकळे सोडले आणि बसला. पुढे काय बोलायचे ते त्याने जुळवले नाही. समोर कोणी बसले असेल तर त्यालाही बोलायला जागा लागेल, असे काहीसे त्याच्या मनात आले.

किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तेव्हा काचेपलीकडे बायको उभी होती. मापाची पेटी अजून हातातच. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर त्याला हेव्याची एक ओळखीची छटा दिसली. गेले कित्येक दिवस दाढी करताना आरशात दिसायची, ती.

तो दार ढकलून बाहेर आला.

"कोणाशी बोलत होतात?" तिने विचारले.

"कोणाशी नाही," तो म्हणाला. "दार चिकटत होतं."

तिने पेटी काउंटरवर ठेवून अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, "मग? काय म्हणालं दार?"

कानवाल्याने मागे वळून रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

"अजून काही नाही," तो म्हणाला, आणि केबिनचे दार त्याने उघडेच राहू दिले.