तेरातून आठ

आमच्या शाळेत दुसरीच्या पोरांची तोंडी परीक्षा बाहेरचे परीक्षक घेतात. वजाबाकी जमली नाही की पोर ‘क’ तुकडीत. तिला शिपायापासून सगळे ‘ढ’ तुकडीच म्हणतात, आणि अकरा वर्षांत तिथून वर आलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही.

माझ्या वर्गातली पिटुकली बेरजेत पक्की होती. पण “पाचातून दोन गेले, उरले किती?” असं विचारलं की तिची दातखीळ बसायची. मी तिला खडसावलंसुद्धा. मग एकदा तिला न्यायला मावशी आली, तिच्याकडून कळलं. बाप उन्हाळ्यात वारला होता, आणि भेटायला येणारा जो तो तिच्यादेखत “गेले बिचारे” म्हणत होता. माझी मलाच लाज वाटली.

मी तो शब्दच वर्गातून हाकलला. फळ्यावर तेरा वजा आठ लिहायचं आणि विचारायचं, “आठात किती घातले की तेरा?”

“पाच!” पिटुकली सगळ्यांच्या आधी ओरडायची. बेरीज येणाऱ्याला वजाबाकी फुकटात! मुख्याध्यापकबाईंनी कौतुक केलं आणि मी चढले हरभऱ्याच्या झाडावर.

परीक्षेच्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते. परीक्षक तसे भले गृहस्थ. “सांग बाळ, तेरातून आठ गेले. उरले किती?”

त्यांनी पिटुकलीला पुन्हा विचारलं, आणखी मऊ आवाजात. मी नियम गुंडाळून ठेवला आणि आत घुसले.

“सर, आठात किती घातले की तेरा, असं विचारा हो तिला!”

“बाई, ती बेरीज झाली. माझ्या कागदावर वजाबाकी आहे.” आणि त्यांनी फुली मारली.

दोन दिवस मी त्या माणसाच्या नावाने दातओठ खात होते. सोमवारी पिटुकली दप्तर घेऊन ‘क’ तुकडीकडे निघाली, तेव्हा तिला जिन्यात गाठलं.

“अगं, येत होतं ना तुला? मग बोलली का नाहीस?”

तिला माझा राग आलेला नव्हता, हेच मला जास्त लागलं. ती मलाच समजावल्यासारखं म्हणाली, “बाई, तुम्ही नुसतं घालायला शिकवलंत. गेल्यावर काय करायचं, ते शिकवलंच नाहीत.”