देवीच्या जागी फोटो

इकडे या मित्रांनो, बसा. सारवलेलं वाळलंय, कपडे खराब नाही होणार. एका लग्नाची गोष्ट सांगते. ते लग्न माझ्यावाचून अडलं होतं.

मी एक जुनी कुडाची भिंत आहे. तलासरीच्या आत, डोंगराकडच्या पाड्यावर उभी आहे. सुक्याने कारवीच्या काठ्या आणून बांधल्या, त्याची बायको कमळीने शेणमाती थापली, वरून गेरू दिला. अंग माझं खरबरीत. वाळवी खाते, कोंबड्या टोचतात. देखणी कुणी म्हटलं नाही मला.

पण घरात लग्न असलं की सवाशिणी माझ्यासमोर बसायच्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि माझ्यावर लग्नाचा चौक लिहायचा, पांढऱ्या रेघांचं चौकोनी चित्र. चौकाच्या मधे पालघट देवी. धवलेरी बाई गाणी म्हणून तिला बोलावते. ती येऊन बसल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. सुक्याच्या दोन्ही बहिणींची लग्नं माझ्यासमोरच लागली.

मग सुक्याचा मुलगा संदीप कंपनीत लागला. त्याने समोर स्लॅबचं घर बांधलं, आतून गुलाबी ऑइल पेंट मारला. जुन्या घरातली मी एकटीच उरले. माझ्या आडोशाला लाकडं रचली. रुसले नाही मी. लाकडंसुद्धा कुठेतरी ठेवायला लागतातच.

त्याचं दक्षाशी लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला, "ही भिंत पाडू. डीजेचा टेम्पो इथे उभा राहील."

"आणि चौक?" कमळीने विचारलं.

"डहाणू रोडला छापून घेतलाय, आई. फ्लेक्सवर."

लग्नाच्या सकाळी नवशी आली. ती धवलेरी. गुलाबी भिंतीवर फ्लेक्स टांगलेला. तिने जवळ जाऊन बघितलं.

"मधे ही दोघं कोण रे?"

"मी नि दक्षा."

"देवी कुठाय?"

संदीप हळूच म्हणाला, "हॉटेलात भिंतीवर चौक बघितला मावशे, तो मधे रिकामाच होता. मला वाटलं, ती जागा फोटोची."

"मग मी गाऊन बोलवू कुणाला? तुला? तू तर इथंच चहा पितोस."

बाया हसल्या. संदीपने कप खाली ठेवला.

फ्लेक्स काढला. सवाशिणींनी गुलाबी भिंतीवर काडी टेकवली. पीठ धरेना. देवीचा हात काढला की तो ओघळून खाली लादीवर.

सुक्या दारातून म्हणाला, "त्या भिंतीला तहानच नाही."

तोवर इकडे प्रविण, संदीपचा दोस्त, माझ्यावर पहार घालत होता. एक कोपरा पाडलाही त्याने. काठ्या मोडल्याचा आवाज आला तसा संदीप धावत आला नि त्याच्या हातातली पहार धरली.

"थांब. हीच लागणार."

"टेम्पो?"

"राहूदे बाहेर रस्त्यावर."

कमळीने संदीपलाच शेण आणायला लावलं. "डीजेपुढे नाचवतोस तसे पाय इथं नाचव. माती तुडव." हळद लागलेला नवरा पोटरीपर्यंत चिखलात. प्रविणने मोडलेल्या काठ्या परत बांधल्या, मान खाली घालून. ऊन कडक, म्हणून मी लवकर वाळले. दुपार कलता चौक लिहून झाला. नवशीने घसा बसेपर्यंत गायलं. पालघट येऊन बसली. लग्न लागलं.

आता त्या चौकाचं पीठ झडत चाललंय. झडायचंच ते. पुढच्या लग्नाला नवा लिहितील. तो फ्लेक्स संदीपने माझ्या माथ्यावर घातलाय, पाणी मुरू नये म्हणून. फोटोतली दोघं पावसाळाभर वर तोंड करून भिजतात. दक्षा जाता येता बघते नि हसते.

मित्रांनो, असा चौक तुम्हाला पिशवीवर दिसेल, कपावर दिसेल, हॉटेलात दिसेल. आवडला तर घ्या, घरी लावा. पण कधी या बाजूला आलात तर आमच्या कमळीजवळ घडीभर बसा नि तिला विचारा, बाई, या मधल्या जागेत कोण बसतं?