दाण्याविना फिरणारी चक्की

सकाळी तुळजाबाईंनी गिरणीचं शटर वर सारलं, उंबऱ्यावरचं पीठ झाडलं, मोटारीच्या पट्ट्यावर बोट दाबून ताण पाहिला. ओंजळभर गहू टाकून आदल्या दिवशीच्या डाळीचा अंश दगडांतून काढला. उदबत्ती लावली. मग कानावरचा पदर मागे सारून त्या चाकापाशी उभ्या राहिल्या. दगडांमधलं अंतर या लोखंडी चाकानं कमीजास्त होई.

शिक्रापुरात गिरण्या पुष्कळ. पण दगड कानानं लावणाऱ्या तुळजाबाईच, ही ख्याती कोरेगाव भीमापर्यंत होती. दगड एकमेकांना टेकू लागले की बारीक शीळ उठते. तिथून चाक केसभर मागे घ्यायचं, हे त्यांना सासऱ्यांनी शिकवलं होतं. कानात कापूस घालायला कुणी सुचवलं, तर त्या म्हणत, ‘‘कान झाकून दळणं म्हंजी डोळं मिटून गाडी हाकणं.’’

अलीकडे मात्र शीळ लवकर उठे. त्या चाक मागे घेत, तरी ती थांबत नसे.

रांगेत पुढे असलेल्या गिताबाईंनी कालच्या दळणाचा डबा फळीवर आदळला. ‘‘तुळजाक्का, पीठ दिलंय का कण्या? भाकरी परातीतच चिरती. मालक म्हणत्यात, गिरणी बदल, न्हाईतर मी बायको बदलतो!’’

‘‘गिरणीच बदल बाई, मालक परत कुठं गावायचा,’’ रांगेतून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

तुळजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चिमूट चोळून पाहिली. ज्वारी जाडच होती. त्यांनी मोटार बंद केली. दगड घरघरत थांबले. शीळ थांबली नाही.

‘‘सुलक्षणा, पट्टा कुठं घासतोय बघ.’’

त्यांची सून बावरली. ‘‘आत्या, सगळं बंद हाय.’’

‘‘मग ही शीळ कुणाची?’’

‘‘कसली शीळ?’’

शिरूरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली आणि समजावलं. कानाच्या आत शंखासारखी नळी असते. तिच्यातल्या नाजूक पेशी आवाज टिपतात आणि नसेवाटे मेंदूला कळवतात. गिरणीच्या कल्लोळात उंच आवाज टिपणाऱ्या पेशी झिजल्या होत्या.

‘‘तिकडून खबर येणं कमी झालं. मेंदूला ते चालत नाही. तो ऐकण्याची आपली ओढ वाढवतो आणि त्या रिकाम्या जागी स्वतःच सूर उभा करतो. बहुतेक असंच होतं, असं आम्ही मानतो. आवाज खराच ऐकू येतो तुम्हाला. फक्त तो बाहेर नाही.’’

तुळजाबाईंनी विचार केला. ‘‘चक्कीवरच्या टोपातला दाणा संपला, का दगडच दगडाला वाजतो. तसंच का?’’

‘‘हुबेहूब नाही, पण जवळपास.’’

‘‘थांबंल का?’’

‘‘गेलेल्या पेशी परत येत नाहीत. शीळ पुरती जाईल, असं वचन मी देणार नाही. मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, त्याला आपण मदत करू. जे ऐकू येतंय, ते मात्र जपा.’’

परतीच्या एसटीत सुलक्षणा हळूच म्हणाली, ‘‘आत्या, मनाला लावून घेऊ नका.’’

‘‘लाज वाटावी असं काय केलंय मी? ह्या कानांनी गावाला मऊ भाकरी खाऊ घातली. कामाला आलेत ते, वाया न्हाई गेलं.’’ मान ताठच होती. पण बोलता बोलता त्यांची नजर सुनेच्या कानाकडे गेली. येत्या श्रावणापासून त्याच कानाला त्या दगडांची शीळ ओळखायला शिकवणार होत्या. सासऱ्यांनी त्यांना शिकवली तशीच, उघड्या कानानं.

हमरस्त्यावर उतरताच त्या हार्डवेअरच्या दुकानात शिरल्या.

‘‘कंपनीतली पोरं कानावर घालत्यात, ती टोपणं द्या. दोन जोड.’’

दुसऱ्या दिवशी उदबत्ती लावून झाल्यावर त्यांनी पहिला जोड सुनेच्या कानांवर चढवला, केस नीट मागे सारले आणि मग दुसरा स्वतः घातला. गिताबाईंची ज्वारी टोपात ओतली. सुनेचा तळवा चाकाच्या दांड्यावर टेकवून, वर आपला हात ठेवून त्यांनी दगडांचा थरथराट तिला जाणवू दिला. पीठ पडू लागलं तशी चिमूट तिच्या अंगठ्याखाली दिली. सुलक्षणानं चोळून मान हलवली: जाड. चाक किंचित पुढे गेलं. पुन्हा चिमूट. पुन्हा थोडं पुढे.

तुळजाबाईंच्या कानातली शीळ चालूच होती. पण तिचं ऐकून त्यांनी चाक मागे घेतलं नाही.

गिताबाईंनी डब्यात बोट बुडवून पीठ चोळलं, ते मऊ लागलं, दोघींच्या कानांवरच्या पिवळ्या टोपणांकडे पाहिलं आणि डबा उचलून डोक्यावर घेतला.

तुळजाबाईंनी पुढचा डबा ओढला.