तळं गाळणाऱ्या टबाचे तीन महिने

मी एक जुना आंघोळीचा टब आहे. बिडाचा, आतून पांढरा, चार पायांचा. त्यातला एक पाय मोडलाय, तिथे खाली वीट आहे. आता माझ्यात कुणी आंघोळ करत नाही, मित्रांनो. माझ्या पोटात खडी भरली आहे आणि त्या खडीत कर्दळी उभ्या आहेत. एका घराच्या मागच्या अंगणात छोटं तळं आहे, त्याचं पाणी मी गाळतो. लोक येतात, वाकून तळाचे दगड बघतात आणि माझं कौतुक करतात. मला ते कौतुक नको असतं. का नको, तेच आज सांगायला बसलो आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथून मी एका लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि वीस-बावीस वर्षं तिथल्या न्हाणीघरात राहिलो. नाना तऱ्हेची माणसं माझ्यात बसून गेली. काही गात, काही रडत, एक जण तर झोपूनच गेला होता आणि दार तोडायची पाळी आली. मग मालकानं नवीन नळ, नवीन फरशा बसवल्या आणि मी अडगळ झालो. चार माणसांनी मला शिव्या घालत जिन्यावरून उतरवलं. वळणावर मी भिंतीला आपटलो आणि माझ्या कडेचा टवका उडाला. पुढची सहा वर्षं भंगारवाल्याच्या आवारात गेली. माझ्यात पावसाचं पाणी साठे, त्यात डास होत, आणि उन्हाळ्यात एक कुत्री तिची पिल्लं घेऊन झोपे. कुत्रीचं मला काही वाटत नव्हतं. निदान ती रोज परत यायची.

एक दिवस फिटरकाका आले. हे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. अख्खी गल्ली त्यांना फिटरकाका म्हणते. त्यांनी मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, खाली वाकून तळाचं भोक पाहिलं आणि म्हणाले, "ठणठणीत आहे. हाच नेतो."

इतक्या वर्षांनी कुणीतरी मला निवडलं होतं. मी किती हरखलो म्हणून सांगू!

त्यांच्या घरी आल्यावर मला सगळा प्रकार कळला. काकांची बायको शिवणकाम करायची. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे कपडे तिच्या मशीनवर शिवले गेले होते, म्हणून तिला सगळे शिवणकाकू म्हणत. तिचं मशीन मागच्या खिडकीत होतं. निवृत्त झाल्यावर काकांनी त्या खिडकीखाली स्वतःच्या हातानं तळं खणलं, त्यात अकरा मासे सोडले. काकूंनी त्यांना आपल्या कामातली नावं दिली: ठिगळ, काज, झालर, आणि एका सतत पळणाऱ्या माशाला रीळ. शिवता शिवता मान वर केली की मासे दिसावेत, एवढीच त्यांची हौस होती.

पण दुसऱ्या वर्षी तळं हिरवं झालं. इतकं हिरवं, की हात घातला तर बोटं दिसेनात. काकू काठावर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अहो, मासे आहेत की गेले? मला तर एकही दिसत नाही."

हे काकांच्या जिवाला लागलं. बाजारात पाण्यात टाकायचं औषध मिळत होतं. काकू म्हणाल्या, "माझ्या माशांवर औषधाचे प्रयोग नकोत हं." मग काकांनी पाणी गाळायचा स्पंजचा डबा आणला. तो आठवड्यातून दोनदा धुवावा लागे. धुऊन धुऊन काका टेकीला आले आणि पाणी होतं तसंच राहिलं. शेवटी रोपवाटिकेतल्या बाईंनी त्यांना शहाणपणाची गोष्ट सांगितली. "पंपानं पाणी हळूहळू खडीतून वर चढवा. वर झाडं लावा, माती मात्र अजिबात नको. झाडांची मुळं पाण्यातलं खाणं ओढून घेतात, मग शेवाळ उपाशी मरतं. वाळू घालायच्या फंदात पडू नका, महिन्याभरात तुंबेल. आणि काका, धीर धरा. मुळं धरायला दोन-तीन महिने लागतात."

काकांनी शब्द न् शब्द लक्षात ठेवला. मला तळ्याच्या काठावर, पाण्यापेक्षा वीतभर उंच बसवलं. माझ्या तळाच्या भोकाला कॉक लावला, म्हणजे साचलेला गाळ सोडता यावा. प्लास्टिकच्या पाइपला करवतीनं दोन दोन बोटांवर चिरा पाडल्या आणि तो पाइप पंपाला जोडून माझ्या तळाशी आडवा ठेवला. त्यावर मुठीएवढे दगड, त्यावर वाटाण्याएवढी खडी. ती खडी त्यांनी बादलीत इतक्या वेळा धुतली, की शेजारचा बेकरीवाला कुंपणावरून म्हणाला, "काका, आता साबण लावा तेवढा!" काका हसले, पण थांबले नाहीत. कर्दळीच्या आणि लव्हाळ्याच्या मुळांची माती धुऊन त्यांनी ती झाडं माझ्यात रोवली. पंप सुरू झाला. पाणी माझ्या पोटातून वर आलं आणि टवका उडालेल्या कडेवरून तळ्यात पडू लागलं. माझं व्यंगच कामी आलं म्हणून मला रडू यायचं बाकी होतं.

"आता थांब जरा," काका काकूंना म्हणाले. "मुळं धरू देत. मग बघ, एकेक खवला मोजशील."

आणि काकू थांबल्या.

पहिला महिना पाणी हिरवंच. कर्दळीची पानं पिवळी पडली. त्याच महिन्यात काकू पहिल्यांदा माझ्यावर आदळल्या. घरातून बाहेर येताना मी त्यांच्या उजव्या हाताला असे. एवढा मोठा, पांढराफटक टब. पण त्यांचा गुडघा थेट माझ्या कडेवर बसला. चार दिवसांनी परत आदळल्या. काका धावत आले, गुडघ्याला काहीतरी चोळलं आणि म्हणाले, "चूक माझीच. वाटेतच बसवला मी याला." त्यांनी जुन्या रजईची पट्टी कापून माझ्या कडेला गुंडाळली, सुतळीनं पक्की बांधली. तिसऱ्यांदा काकू आदळल्या तेव्हा त्यांना लागलं नाही.

एकदा दिवेलागणीला काकू म्हणाल्या, "त्या बल्बभोवती रंगीत कडं दिसतंय." काकांनी स्टूल आणलं, बल्ब काढला, पुसून परत बसवला. "आता?" काकू म्हणाल्या, "बरंय." त्यांच्या आवाजावरून मला ते बरं वाटलं नाही.

माशांचं खाणंही त्या आता माझ्या खडीवर टाकू लागल्या होत्या. "पाणी एवढं गढूळ, कळत नाही कुठं पडतंय," म्हणायच्या. शेजारणीनं एकदा विचारलं, "काकू, डोळे दाखवलेत का कुठं?" तर काकू भडकल्याच. "माझे डोळे? अगं, सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवते मी! चष्मा तरी बघितलास का माझ्या नाकावर?" ते खरंही होतं. खिडकीत बसून समोर धरलेली सुई त्या बिनचूक ओवत.

मित्रांनो, मी सगळं पाहत होतो. कधी बाजूनं आलेलं मांजर त्यांना दिसत नसे, कधी दाराची चौकट लागे. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो, की काकू, पाणी आज ना उद्या मी गाळीन, पण तुमच्या डोळ्यांचं काहीतरी बघा. मी बिडाचा टब, मी काय बोलणार? माझ्या पोटात मुळं हळूहळू पसरत होती आणि मी त्यांना मनातल्या मनात लवकर वाढा, लवकर वाढा म्हणत होतो. वाटायचं, पाणी एकदा नितळ झालं की सगळं उघड होईल.

दुसरा महिनाही तसाच गेला. काका रोज सकाळी एक पांढरी बशी दोरीला बांधून तळ्यात सोडत आणि ती किती खोलवर दिसते ते पाहत. एक वीत. मग दीड वीत. "धीर धर, मुळं धरताहेत," ते खिडकीकडे बघून ओरडत. खिडकीतून मशीनचा आवाज यायचा, पण अधूनमधून थांबायचा. एकदा शिवलेल्या सदऱ्याची एक बाही दुसरीहून चार बोटं आखूड निघाली. काकूंनी ती उसवली आणि कुणाला सांगितलं नाही.

तिसरा महिना संपता संपता एका सकाळी काकांनी बशी सोडली आणि ती थेट तळाला टेकली तरी दिसत राहिली. खालचे दगड दिसत होते. अकराच्या अकरा मासे दिसत होते. काका लहान पोरासारखे ओरडले, "अगं, ये! ये लवकर! हातातलं टाक आणि ये!"

काकू आल्या. काठावर उभ्या राहिल्या. त्यांनी खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"हे ठिगळ," त्या म्हणाल्या.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कुठंयत?"

काका हसले. "थट्टा करतेस होय? अगं, हे काय इथं, तुझ्या उजव्या पायाशी सहा जण आहेत."

काकूंनी मान वळवली. मग आणखी वळवली. मग जत्रेतल्या दुर्बिणीतून बघावं तसं डोकं हळूहळू फिरवत त्यांनी एक एक मासा शोधला. पाचव्या माशापर्यंत आल्या आणि थांबल्या. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं. ते पुसायचं त्यांना सुचलंच नाही.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "पाणी खरंच स्वच्छ झालंय का?"

"हो," काका म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर दोघं माझ्या शेजारच्या बाकावर बसले, म्हणून मला सगळं ऐकू आलं. काचबिंदू होता. तो कडेकडेनं नजर खातो, समोरचं शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जे गेलं ते परत येणार नाही. जे उरलंय ते टिकवायला रोज थेंब घालायचे. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यातला दाब फार वाढला होता. तीन महिने आधी आला असतात तर पुष्कळसं वाचलं असतं.

"तीन महिने," काका म्हणाले. पुन्हा म्हणाले, "तीन महिने मी तुला थांब म्हणत होतो."

"मला तरी कुठं जायचं होतं?" काकू म्हणाल्या. "मला मनातून भीती वाटतच होती हो. पाणी हिरवं होतं तोवर पाण्यावर ढकलता येत होतं."

काका उठले आणि त्यांनी माझा पंप बंद केला. मला राग आला नाही. मीही त्या तीन महिन्यांत सामील होतो. मी जरा आधी पाणी गाळलं असतं तर! पण मुळांना मी कसं पळवणार होतो?

सहा दिवस मी बंद होतो. पोटातलं पाणी कुजलं, वास सुटला, लव्हाळे काळे पडले. पाण्याला हवा मिळेना, म्हणून मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. काकूंना ते दिसलं नाही, पण चुळुकचुळुक ऐकू आलं. त्या काकांना म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांचा राग त्यांच्यावर काढू नका. चालू करा बघू ते." काकांनी आधी कॉक उघडून माझ्यातलं काळं, घाण पाणी झाडांच्या आळ्यात सोडलं, कारण ते तळ्यात गेलं असतं तर एकही मासा वाचला नसता. मग दोनदा मला धुतलं आणि पंप लावला. तरी तोवर तीन मासे गेले होते. आता तळ्यात आठच आहेत.

खिडकीतलं मशीन आता झाकलेलं असतं. कापड बेतताना कडा दिसत नाहीत म्हणून काकूंनी शिवण सोडली. बाकावर बसून त्या डोळ्यांत थेंब घालून घेतात आणि मग काका त्यांना सांगतात, कोणता मासा कुठं आहे. लोक येतात आणि म्हणतात, "वा काका, काय पाणी आहे, आरसा नुसता!" असं कुणी म्हणालं की काका उठून आत जातात.

परवा शेजारचा बेकरीवाला आला. त्यालाही घरामागे तळं करायचं आहे. "काका, तुमच्यासारखाच टब बसवतो. मापं सांगा ना. पाइप केवढा, खडी केवढी, चिरा किती?"

काकांनी विचारलं, "घरात कोण कोण?"

"मी, बायको, आई, दोन पोरं. का?"

"सगळ्यांचे डोळे तपासून घे. आईचे आधी."

बेकरीवाल्याला वाटलं, काका गंमत करताहेत. तो हसला. "बरं बरं, घेतो कधीतरी. खडी केवढी ते सांगा."

"डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद आणून दाखव," काका म्हणाले. "त्याशिवाय एक मापही सांगणार नाही."

तो गेला. जाताना कुंपणाशी उभ्या असलेल्या बायकोला काहीतरी पुटपुटला, दोघं हसले. काका बाकावर बसून राहिले. काकूंनी चाचपत त्यांचा हात शोधला आणि विचारलं, "गेला का तो? रागावला?"

"रागावू दे," काका म्हणाले.

मित्रांनो, मी एक टब आहे, मला फार काही कळत नाही. पण तुमच्या घरात कुणी एकाच बाजूला सारखं आदळत असेल, तर तिथे रजई बांधून थांबू नका. त्या माणसाचा हात धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.